पेपर पीसिंग : ताऱ्याची टोके जुळत नाहीत आणि कागद काढताना टाके सैल होतात

धावदोरा

नमस्कार.

छापील कागदावर कापडाचे तुकडे शिवून क्विल्टचे (गोधडीचे) ब्लॉक, म्हणजे एकमेकांना जोडायचे चौकोनी भाग, तयार करण्याची पद्धत, म्हणजेच पेपर पीसिंग, मी सध्या शिकत आहे. चौकोनांचे आणि पट्ट्यांचे ब्लॉक मला नेहमीच्या पद्धतीने, तुकडे मापात कापून आणि पाव इंच माया (शिवणीबाहेर सोडलेले कापड) धरून, व्यवस्थित जमतात. परंतु जिथे लांब, निमुळते त्रिकोण येतात तिथे मापात कापलेला तुकडाही मशीनखाली सरकतो आणि टोक बोथट होते, म्हणून मी कागदाकडे वळले. सध्या आठ टोकांच्या ताऱ्याचा, तयार झाल्यावर ६ इंच भरेल असा ब्लॉक हाती घेतला आहे. त्याचा नमुना अ, ब, क, ड अशा चार विभागांत छापलेला असून प्रत्येक विभागातील तुकड्यांना १ पासून क्रमांक दिलेले आहेत, आणि चारही विभाग जोडले की आठही टोके मध्यभागी एकत्र यावीत अशी रचना आहे.

मूळ कृती मला समजली आहे. कागदाच्या कोऱ्या बाजूला कापड ठेवायचे, छापील बाजूने रेघेवर टीप मारायची, तुकडा उलटवून इस्त्री फिरवायची आणि पुढच्या क्रमांकाकडे जायचे. मात्र निमुळत्या तुकड्यांच्या बाबतीत कापड भरपूर घेतले तरी उलटवल्यावर एखादा कोपरा उघडा राहतो आणि शिवण उसवावी लागते. त्याहून मोठा तुकडा घ्यावा तर कापड वाया जाते, आणि तरीही कोपरा झाकला जाईलच याची खात्री नसते. कागद काढल्यानंतर ब्लॉकची एखादी बाजू किंचित फुगलेली दिसते, जरी कागदासह मोजताना माप बरोबर भरले होते. कागद फाडताना टोकांजवळचे टाके सैल होतात, हा तिसरा त्रास. शेवटी चारही विभाग जोडल्यावर मध्यभागी टोके सुमारे २ मिलीमीटरने चुकतात, आणि ताऱ्यात तेवढा फरकसुद्धा लगेच डोळ्यांत भरतो.

विभाग जोडण्यापूर्वी कागद काढावा की नंतर, याबद्दल मी परस्परविरुद्ध सल्ले वाचले आहेत, त्यामुळे त्यामागची कारणे जाणून घ्यायची आहेत. इस्त्रीने कापडाला चिकटणारा फ्रीझर पेपर वापरल्यास यातील काही अडचणी टळतात असेही वाचनात आले. ज्यांनी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत त्यांनी कृपया फरक सांगावा.

उरेबपट्टी

धावदोरा, कोपरा उघडा राहणे आणि कड फुगणे या दोन्ही अडचणी एकाच कारणातून निघतात, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहिते. या पद्धतीत रेघ छापलेलीच असल्यामुळे टीप वाकडी जाण्याची शक्यता फार कमी असते. जे बिघडते ते टीप मारण्यापूर्वी, कापड ठेवताना बिघडते, आणि ते अवघड जाते याचे कारण असे की आपण तुकडा जिथे ठेवतो तिथे तो राहत नाही. शिवून झाल्यावर तो रेघेवरून उलटतो आणि आरशातल्या प्रतिमेप्रमाणे रेघेच्या पलीकडे जाऊन बसतो.

आता कोनाचा हिशेब पाहा. कापडाचा उभा धागा ब्लॉकच्या कडेला समांतर ठेवून तुम्ही टीप मारली, तर उलटल्यानंतर तो धागा कडेशी जो कोन करतो तो रेघेने कडेशी केलेल्या कोनाच्या दुप्पट असतो. रेघ ४५ अंशांत असेल तर दुप्पट म्हणजे ९० अंश. उभ्या धाग्याच्या जागी आडवा धागा आला, एवढाच फरक पडतो आणि कापड सरळच राहते. चौकोनातून निघालेले साधे त्रिकोण कसेही ठेवले तरी जमून जातात, ते याचमुळे. परंतु आठ टोकांच्या ताऱ्यात रेघ २२.५ अंशांच्या आसपास असते, आणि तिथे दुप्पट म्हणजे नेमके ४५ अंश होतात. सरळ ठेवलेले कापड उलटल्यावर पूर्ण उरेब, म्हणजे धाग्यांना तिरके, होऊन ब्लॉकच्या कडेला येते. तुकड्याचा आकार फिरल्यामुळे कोपरा उघडा पडतो, आणि कड उरेब आल्यामुळे कागदाचा आधार सुटताच ती ताणली जाते. कागदासह माप बरोबर भरते आणि नंतर फुगवटा दिसतो, याचे कोडे यातच आहे.

यावर उपाय असा की नमुन्याची एक जादा प्रत छापून घ्यावी आणि तिच्यातील तुकडे रेघांवरून कापून वेगळे करावेत. हे कागदी तुकडे म्हणजे तुमचे कापणीचे साचे. कापडाची उलट बाजू वर ठेवावी, तिच्यावर साचा छापील बाजू वर करून ठेवावा, आणि साच्याची जी बाजू ब्लॉकच्या बाहेरच्या कडेला येणार आहे ती कापडाच्या उभ्या किंवा आडव्या धाग्याला समांतर धरावी. साचा उपडा ठेवला तर तिरकस तुकडे आरशातल्यासारखे उलटे कापले जातात, म्हणून छापील बाजू वर आहे ना हे प्रत्येक वेळी पाहावे. सर्व बाजूंनी अर्धा इंच माया सोडून कापावे. त्यातील पाव इंच शिवणीत जातो आणि पाव इंच ठेवताना हात थोडा इकडेतिकडे झाला तर उपयोगी पडतो. निमुळत्या टोकाकडे मात्र पाऊण इंचाहून कमी सोडू नये, कारण तुकडा ठेवताना कोन किंचित फिरला तरी लांबचे टोक सर्वांत जास्त सरकते. अशा रीतीने कापलेला तुकडा अंदाजाने घेतलेल्या मोठ्या तुकड्यापेक्षा पुष्कळ लहान असतो, आणि तरीही पुरतो.

दुसरी गोष्ट क्रमाची आहे. पुष्कळ ठिकाणी आधी शिवून मग जादा माया कापायला सांगतात. मला ते पटत नाही. आधी कापावे आणि मग ठेवावे. पहिला तुकडा कोऱ्या बाजूला, सुलट बाजू आपल्याकडे करून, गोंदाच्या बारीक ठिपक्याने चिकटवा. मग छापील बाजू वर करा, १ आणि २ यांच्यामधील रेघेवर पोस्टकार्डाची सरळ कड ठेवा आणि कागद त्या कडेवरून १ च्या अंगाला मागे दुमडा. आता दुमडीच्या पलीकडे पहिल्या तुकड्याचे कापड डोकावते आहे. त्याच्यावर पट्टी ठेवून दुमडीपासून बरोबर पाव इंच सोडा आणि उरलेले रोटरी कटरने (फिरत्या गोल पात्याच्या कटरने) कापा. कागद पुन्हा सरळ केला की कोऱ्या बाजूला पहिल्या तुकड्याची जी कड दिसते ती रेघेला समांतर आणि तिच्यापासून पाव इंचावर असते. दुसऱ्या तुकड्याची कड, सुलटीवर सुलट ठेवून, तिच्याशी जुळवली की टीप कुठे बसणार हे तुम्हाला आधीच माहीत असते. उजेडात धरून रेघ शोधण्याची गरजच उरत नाही.

पुढच्या रेघांवर दुमडताना आधीच्या शिवणीचे टाके आड येतात, कारण आपण टीप रेघेच्या दोन्ही टोकांना पाव इंच पुढे नेलेली असते. तेवढे चारदोन टाके कागदापासून हळूच सोडवून घ्यावेत. कागद तिथे थोडा फाटला तरी बिघडत नाही.

टीप मारण्यापूर्वीची परीक्षा सोपी आहे. रेघेवरून टाचण्या लावून तुकडा उलटवून पाहावा आणि ब्लॉक उजेडासमोर धरावा. क्रमांकाचा पूर्ण भाग आणि चहूबाजूंनी पाव इंच झाकला गेला असेल तरच मशीनकडे न्यावा. निमुळत्या तुकड्यांसाठी ही परीक्षा मी कधीही टाळत नाही.

छपाईविषयी एक सूचना. छापताना माप १०० टक्क्यांवर आहे आणि नमुना पानात बसवण्याचा पर्याय बंद आहे, याची खात्री करून घ्या, आणि नमुन्यावर दिलेला एक इंचाचा चौकोन पट्टीने मोजा. छपाई ९७ टक्क्यांवर झाली तर ६ इंचांचा ब्लॉक ५.८२ इंच भरतो. एका ब्लॉकमध्ये हा फरक कळत नाही, पण आठ ब्लॉकांच्या रांगेत जवळजवळ दीड इंच कमी पडतो. चारही विभाग एकाच वेळी, एकाच प्रिंटरवर छापावेत. इस्त्री कोरडीच वापरावी, कारण वाफेने कागद आक्रसतो आणि वळतो. लेसर प्रिंटरची शाई उष्णतेने सुटून इस्त्रीला लागू शकते, तेव्हा इस्त्री कापडाच्या बाजूनेच फिरवावी आणि खाली एखादे जुने कापड अंथरावे.

टाचणी

वरच्या उत्तरात कापड ठेवण्याविषयी सर्व काही आले आहे. मी टाके आणि मध्यभागाचा सांधा यांविषयीच लिहितो.

टाके सैल होतात याचा अर्थ बहुधा असा की टाक्याची लांबी नेहमीच्या शिवणाइतकीच, २.५ मिलीमीटरच्या आसपास, ठेवलेली आहे. त्या मापात इंचाला सुमारे दहा टाके पडतात, छिद्रे एकमेकांपासून दूर राहतात आणि कागद फाडताना त्याचा सगळा ओढा दोऱ्यावर येतो. लांबी १.५ ते १.८ मिलीमीटरवर आणा, १.५ ला इंचाला सुमारे सतरा टाके पडतात, छिद्रे जवळजवळ येतात आणि कागद ठरलेल्या रेषेत सहज सुटतो. याहूनही बारीक, १ मिलीमीटरचा टाका मात्र घालू नये. शिवतानाच कागद दुभंगतो, आणि उसवण्याची वेळ आली तर कापडाचे धागे तुटतात. सुई ९०/१४ क्रमांकाची घ्यावी. हा ९० म्हणजे सुईची जाडी ०.९ मिलीमीटर, आणि तेवढे छिद्र कागद सोडवण्यासाठी उपयोगी पडते. कापड अगदी तलम असेल तर ८०/१२ पुरे, नाहीतर कापडावरही भोके दिसत राहतात. कागद सुईची धार लवकर बोथट करतो, म्हणून कागदावर वापरलेली सुई साध्या शिवणासाठी ठेवू नये. दोरा बारीक सुती, ५० क्रमांकाचा असावा. जाड दोऱ्याने शिवणीपाशी घडी उंच होते, आणि आठ टोके एकत्र येतात त्या जागी तो उंचवटा हाताला लागतो.

टीप सुरू करताना आणि संपवताना मागे-पुढे टाके घालून ती पक्की करण्याची गरज नाही, कारण पुढची शिवण तिला ओलांडून जाते आणि तीच तिला धरून ठेवते.

आता मध्यभाग. प्रत्येक विभाग शिवून झाल्यावर तो बाहेरच्या पाव इंचाच्या रेघेवर पट्टीने कापून घ्यावा. केवळ कडा जुळवून जोडल्यास टोके जुळतीलच असे नाही. जुळवायचे आहेत ते कागदावरचे बिंदू. अ विभागाच्या छापील बाजूने, जिथे टोकाची रेघ शिवणीच्या रेघेला मिळते नेमक्या त्या बिंदूतून टाचणी सरळ आत घाला. ती कापडाच्या सुलट बाजूने टोकाच्या अणीवरच बाहेर आली पाहिजे. तशी आली नाही तर चूक आधीच्या शिवणीत आहे आणि जोडून ती सुधारणार नाही. आता तीच टाचणी ब विभागाच्या सुलट बाजूने त्याच्या अणीत घाला आणि पलीकडे छापील बिंदूतून बाहेर काढा. दोन्ही विभाग टाचणीवरून एकमेकांकडे सरकवा, पण टाचणी आडवी करू नका. ती दोन्ही थरांना काटकोनात उभी असताना बिंदूवर बिंदू असतो. आडवी करून कापडात खोवली की थर एकमेकांवरून सरकतात, आणि तुम्हाला दिसणारा २ मिलीमीटरचा फरक बहुतेक वेळा तिथेच पडतो. उभ्या टाचणीच्या दोन्ही अंगांना, जवळच, दोन टाचण्या नेहमीप्रमाणे लावा आणि मग उभी टाचणी काढून टाका.

लगेच पूर्ण शिवण घालू नका. प्रथम ४ मिलीमीटरच्या लांब टाक्याने फक्त सांध्याभोवतीचा इंचभर भाग शिवा, उलगडून सुलट बाजूने पाहा, आणि टोके जुळली असतील तरच बारीक टाक्याने पूर्ण टीप मारा. जुळली नसतील तर तेवढे पाच-सहा लांब टाके उसवायला काहीच वेळ लागत नाही. पूर्ण टीप मारताना अणीपाशी सुई रेघेच्या आत येऊ देऊ नये. रेघेवर किंवा एक धागाभर मायेच्या बाजूला गेली तर टोक शाबूत राहते. आत गेली तर ते कापले जाते.

अ आणि ब, तसेच क आणि ड जोडून दोन अर्धे भाग तयार होतील. एका अर्ध्याची शिवणमाया एका बाजूला आणि दुसऱ्याची विरुद्ध बाजूला इस्त्री केली तर मधला सांधा एकमेकांत बसतो आणि जाडीही विभागली जाते. शेवटच्या लांब शिवणीची माया मात्र दोन्ही बाजूंना उघडून इस्त्री करावी, कारण तिथे आठही टोकांचे थर एका ठिकाणी येतात.

सुलटबाजू

कागद कधी काढावा, या प्रश्नावर माझे मत ठाम आहे: ब्लॉकच्या कडेला शेजारचा ब्लॉक किंवा पट्टी जोडली जाईपर्यंत बाहेरच्या तुकड्यांखालचा कागद तसाच ठेवावा. उरेबपट्टी यांनी सांगितल्याप्रमाणे कडेला उरेब कापड येऊ न देणे उत्तम, पण प्रत्येक नमुन्यात ते शक्य नसते. एखाद्या तुकड्याच्या दोन बाजू बाहेर असतात आणि त्यांपैकी एक उरेब येणारच. तिला धरून ठेवणारा कागद आपण शिवणीआधीच काढला तर ती पद्धत निवडण्याचे प्रयोजनच उरत नाही.

हातशिवणीच्या कागदी पद्धतीत, जिला इंग्लिश पेपर पीसिंग म्हणतात, हाच नियम पाळला जातो. तिथे षटकोनी कागदावर कापड दुमडून कच्च्या टाक्यांनी बसवतात, दोन षटकोन सुलटीवर सुलट ठेवून कडेवरून बारीक टाके घालत जोडतात, आणि एखाद्या षटकोनाच्या सहाही बाजूंना शेजारी आल्याशिवाय त्याच्यातला कागद काढत नाहीत. ब्रिटनच्या क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात एक रेशमी पलंगपोस आहे, ज्यावर १७१८ हे साल कापडाच्या तुकड्यांतच जोडलेले आहे. तो अशाच कागदी साच्यांवर शिवलेला असून ते कागद आजही त्याच्या आत आहेत. इतक्या निसरड्या कापडाचे बारीक तुकडे कडेला कड लावून जोडायचे, तर त्यांना शेवटपर्यंत धरून ठेवणारे काहीतरी आत असावेच लागते. यंत्रावर शिवताना कागदाची जागा आणि काम दोन्ही बदलतात, हे मला मान्य आहे. परंतु कापडाची कड मोकळी असेपर्यंत तिला आधार हवा, ही गरज दोन्हीकडे सारखीच आहे.

आतल्या तुकड्यांचे तसे नाही. ज्यांच्या चारही बाजू शिवल्या गेल्या आहेत त्यांच्याखालचा कागद तुम्ही आधीही काढू शकता. विभाग जोडून झाल्यावर शिवणमायेत अडकलेली कागदाची पट्टी मात्र लगेच काढावी, कारण पुढची शिवण तिला ओलांडून गेली की तिथला कपटा चिमट्यानेसुद्धा निघत नाही.

काढण्याची रीत अशी. क्रमांक उलट घ्या, म्हणजे शेवटी शिवलेला तुकडा आधी आणि १ क्रमांक सर्वांत शेवटी, कारण नंतरच्या कागदाची कड आधीच्या शिवणींना धरून असते. प्रथम कागद शिवणीवरून दुमडून नखाने घडी पाडा आणि ब्लॉक दोन्ही हातांत धरून तिरक्या दिशेने अगदी हलका ओढा, की छिद्रांची रांग सुटू लागते. मग डाव्या हाताचा अंगठा टाक्यांवर दाबून धरा आणि उजव्या हाताने कागद टाक्यांपासून दूर ओढण्याऐवजी टाक्यांच्या रेषेवरून बाजूला फाडत न्या. टोकापाशी मात्र दिशा उलट ठेवा: रुंद भागाकडून टोकाकडे न जाता टोकाकडून रुंद भागाकडे या. टोकावर दोन शिवणी एकत्र येतात, आणि कागद ओढत तिथपर्यंत नेला तर सगळा ताण त्या शेवटच्या दोन-तीन टाक्यांवर पडतो. तरीही एखादा कपटा राहिलाच, तर ओल्या बोळ्याने तो भिजवावा. कागद मऊ होऊन सुटतो. इंकजेट प्रिंटरची शाई मात्र पाण्याने पसरू शकते, तेव्हा फिकट कापडावर हे करण्यापूर्वी एखाद्या चिंधीवर पाहून घ्यावे.

तुकडाजोड

फ्रीझर पेपरबद्दल विचारले आहे, म्हणून थोडे लिहिते. या कागदाची एक बाजू साधी आणि दुसरी चकचकीत असते. चकचकीत बाजूला प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि इस्त्रीच्या उष्णतेने ती कापडाला तात्पुरती चिकटते. नमुना साध्या बाजूवर काढतात. फरक असा की यात कागदावर टीप पडतच नाही. रेघेवरून कागद मागे दुमडायचा आणि दुमडीला अगदी लागून, केसाइतक्या अंतरावर, फक्त कापडावर शिवायचे. शिवून झाले की कागद उलगडायचा, तुकडा उलटवायचा आणि इस्त्रीने त्याच कागदाला चिकटवायचा.

फाडण्याचा प्रश्नच येत नसल्यामुळे टाके २ ते २.५ मिलीमीटरचे चालतात, उसवणे सोपे जाते आणि एकच कागद पुन्हा पुन्हा वापरता येतो. एकाच नमुन्याचे पुष्कळ ब्लॉक करायचे असतील तर मी हीच पद्धत सुचवेन. मात्र यात सगळी भिस्त दुमडीवर असते. दुमड नेमकी रेघेवर हवी, आणि शिवताना सुईने ती ओलांडली तर कागद शिवला जातो, खूप दूर राहिली तर तुकडा मोठा होतो. म्हणून रेघांवर आधीच पट्टी ठेवून बोथट टोकाने दाब देऊन सगळ्या घड्या पाडून ठेवाव्यात. खूप बारीक तुकडे असलेल्या ब्लॉकमध्ये कागद इतक्या वेळा दुमडावा लागतो की त्याची चिकटण्याची शक्ती कमी होते आणि कापड सुटू लागते. धावदोरा यांच्या ६ इंचांच्या ताऱ्यासाठी, तेही टोके मध्यभागी जुळवायची असताना, मी साधा कागदच निवडेन, कारण टाचणी लावायला छापील बिंदू शेवटपर्यंत समोर राहतो.

धावदोरा

सर्वांचे मनापासून आभार. उरेबपट्टी, दुप्पट कोनाचा हिशेब वाचून माझ्या ब्लॉकची नेमकी तीच बाजू का फुगते हे लक्षात आले. तिथली रेघ खरोखरच २२.५ अंशांची आहे. जादा प्रतीचे साचे कापून अ विभाग नव्याने शिवला आणि एकही कोपरा उघडा राहिला नाही. टाका १.५ मिलीमीटरवर आणल्यानंतर कागदही सहज सुटला.

आता एकच गोष्ट उरली आहे. ताऱ्याची टोके पांढरी आणि पार्श्वभूमी गडद निळी आहे. सुलट बाजूने पाहताना पांढऱ्या टोकांच्या कडेने आतली निळी माया करड्या पट्टीसारखी दिसते. साध्या शिवणात मी माया नेहमी गडद कापडाकडे वळवते, पण इथे ती कुठे वळवावी हे माझ्या हातात राहत नाही असे दिसते. यावर काही करता येते का?

उरेबपट्टी

तुमचे निरीक्षण बरोबर आहे. या पद्धतीत प्रत्येक नवा तुकडा शिवणीवरून उलटून आधीच्या मायेवर बसतो, म्हणून माया नेहमी नंतर शिवलेल्या तुकड्याखाली जाते. निळा तुकडा आधी आणि पांढरा नंतर असेल तर निळी माया पांढऱ्याखाली येणारच.

म्हणून प्रथम क्रमांक तपासा. काही नमुन्यांत शेजारच्या दोन तुकड्यांचे क्रमांक बदलता येतात. अट एवढीच की प्रत्येक नवी शिवण सरळ असावी आणि आधी जोडलेल्या सगळ्या भागाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जावी. तुमच्या विभागात पांढरे टोक १ क्रमांकावर आणि निळे त्याच्या दोन्ही बाजूंना नंतर येत असतील, तर माया आपोआप निळ्याखाली जाईल. क्रम बदललात तर तो चारही विभागांत सारखाच बदला, नाहीतर विभाग जोडताना टोकांपाशी जाडी असमान होईल.

क्रम बदलणे शक्य नसेल तर निळी माया पांढऱ्यापेक्षा थोडी अरुंद ठेवा. दुमडीवर पट्टी ठेवून कापताना पाव इंचाऐवजी निळे कापड दुमडीपासून साधारण ५ मिलीमीटरवर कापा, आणि पांढरा तुकडा ठेवताना त्याची कड निळ्या कडेच्या दीड मिलीमीटर पुढे येऊ द्या, म्हणजे पांढरी माया पूर्ण पाव इंचाचीच राहील. उलटवल्यावर निळ्याची कड पांढऱ्या मायेच्या आत झाकली जाते. वरचा पांढरा थर आणि ही पांढरी माया असे दोन थर तिच्यावर येतात, आणि करडी पट्टी पुष्कळशी नाहीशी होते. ५ मिलीमीटरहून अरुंद मात्र करू नका, कारण कागद काढताना होणाऱ्या ओढाताणीत अरुंद मायेचे धागे शिवणीतून निसटतात. निळे कापड रंग सोडणारे आहे का, हेही शिवण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून पाहा. कपटे काढण्यासाठी ब्लॉक ओला करणार असाल तर ते आधीच कळलेले बरे.